वरच्या मजल्यावरची ओ

चि. सौ. सुभद्राले,

नागपुरातून थोरल्या बहिणीचा, म्हणजे कौसल्येचा, पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे, चंपतरावांचा खोकला आणि तुमची ती मारकी म्हैस, तिघंही ठीक असतील असं धरून चालते. ठीक नसतील तर लगेच कळवू नको, माझ्याजवळ आधीच एक डोस्कं आहे. हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण फोन नेहमी हिमानीच्या हातात असते आणि यातलं अक्षरही तिच्या कानावर जायले नको. चौथी पास बाईचं अक्षर आहे, समजून घे. ओळी एका अंगाले घसरल्या किंवा कागदाबाहेर गेल्या, तर माझ्या मास्तरले शिव्या देऊ नको. त्याचा दोष नाही.

तर हिमानी. माझी नात, तुले माहीतच आहे, कंपनीत लागली. सहा महिने पारखून मग कायम करतात (म्हैस घेतानाही लोक एवढं पाहात नाहीत). आणि नेमकं त्यातच पोट्टीचं अर्धं डोस्कं उठलं. अर्धशिशी वं, मायग्रेन म्हणतात ते. एका बाजूनं घण पडल्यासारखं दुखते, उजेड नको, आवाज नको, ओकाऱ्या. दोन सुट्ट्या झाल्या तशी कंपनीतली वरची बाई म्हणाली, आणखी झाल्या तर कायमची सुट्टी. घरात पगार आणणारी तीच एक, मी तर नुसती पापड वाळवून राहिली.

दुखण्यापेक्षा दुखायच्या आधीचं वाईट. एका सकाळी चहा गाळता गाळता थांबली अन् माझ्याकडं पाहत म्हणते, "आजी, तुझं अर्धं तोंड दिसत नाही."

"कोणतं अर्धं?"

"खिडकीकडचं."

मी चाचपून पाहिलं. होतं जाग्यावर. म्हटलं, "पोट्टे, जेवढं दिसते तेवढ्याले तरी चहा दे." तिनं गाळणीच खाली ठेवली. करवतीच्या दातासारखा उजेड डोळ्यापुढं फिरते म्हणे, आणि तो गेला की अर्धं जगच नाही. मी विचारलं, मंग त्या अर्ध्यात काय दिसते, काळं? तर म्हणते, "काळंही नाही, आजी. तिथं जागाच नसते." सुभद्रे, भर सकाळी माझ्या अंगावर काटा आला.

धंतोलीतल्या डॉक्टरकडं गेली. त्यानं दोन जातीच्या गोळ्या दिल्या. एक रोज झोपताना घ्यायची, दुखो की न दुखो, आणि तिचा गुण यायले काही आठवडे लागतात. दुसरी दुखणं सुरू झाल्याबरोबर, पण तीही ऊठसूट नाही, जास्त झाली तर गोळीनंच डोस्कं दुखते. (डोस्कं दुखते म्हणून गोळी, गोळी झाली म्हणून डोस्कं. आपल्या काकाचा बांधाचा दावा असाच चालला होता.) वर फुकटचा उपदेश, वेळेवर जेव, वेळेवर झोप. हे तर मीही सांगते, माझ्या दारात कोणी रांग लावत नाही.

म्हणून मी आपले घरचे उपाय काढले. सुंठेचा लेप दिला, कपाळाचं कातडं सोललं. नाकात तुपाचे थेंब घातले, ती ऑफिसात दिवसभर शिंकली. उन्हं निघायच्या आधी दूध-जिलेबी दिली. त्यानं एवढंच झालं, की मले जिलेबीची सवय लागली. मग तू अखाडीच्या सणाले आली होती तेव्हा आठवण करून दिलेला, आपल्या मायचा तो हाकेचा उपाय काढला. सूर्य निघायच्या आधी दुखणाऱ्याच्या डोस्क्यावर हात ठेवायचा, घराबाहेरच्या माणसाले हाक मारायची, आणि त्यानं ओ दिली की दुखणं त्याच्याकडं. म्हणून तर आपल्याकडं शहाणा माणूस तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाही.

दुखणं कोणाले द्यायचं, हा प्रश्नच नव्हता. शेजारची सिंधूताई, जी कुंड्यांचं पाणी माझ्या पापडांवर सोडते. हिमानीले अर्धवट झोपेत गॅलरीत उभी केली, डोस्क्यावर हात ठेवला आणि गोड आवाज काढून हाक मारली. काही नाही. दुसरी मारली. सिंधूताईची खिडकी हलली, लागली, अन् आतून कडी बसली. (नंतर मले म्हणते, "काहून वं कौसल्याबाई, मी पारशिवनीची आहो. आमच्याकडं तिसऱ्या हाकेशिवाय कुत्रंही मान वळवत नाही.") मी तिसऱ्या हाकेसाठी श्वास घेतला, तेवढ्यात वरून आवाज आला.

"ओऽ!"

बेडका अडकलेल्या गळ्यातून आल्यासारखी ओ. हिमानी म्हणते, "आजी, वर कोणी राहायले आलं का?" म्हटलं, "कोणी नाही. तोंड धू."

वर आनंदराव राहात होते. कळमन्याच्या धान्यबाजारात दलालाकडं वजनकाट्यावर होते. बाजारात कोण कोणाले बोलावून राहिलं हे कळत नाही, म्हणून त्यांना सरसकट ओ द्यायची खोड. दूधवाल्यानं सिंधूताईले हाक मारली तरी हेच वरून ओ देत. उन्हाळ्यात गेले. पोरगा कुलूप लावून पुण्याले निघून गेला. माणूस गेला, खोड राहिली.

त्या दिवसापासून हिमानीचं डोस्कं थांबलं. ती म्हणते गोळी लागू पडली, डॉक्टरनं सांगितलेले आठवडे भरले होते. मी वाद घातला नाही. गोळीले यश दिलेलं बरं, गोळीले नाक नसते, ते वर होत नाही. पण वर काय चाललं ते मी ऐकून राहिली होती. खाट खिडकीपासून ओढल्याचा आवाज. सिंधूताईच्या कुकरची शिटी झाली, की कण्हणं. रस्त्यावरून पाहिलं तर वरच्या खिडकीले आतून धोतर लावलेलं, उजेड येऊ नये म्हणून. कुलूप तसंच. कुलुपावरचं कोळ्याचं जाळंही तसंच.

मले दया येत नाही, तुले माहीत आहे. पण दुखणं आपण दिलं, तर दवा आपणच द्यावी. त्यांच्या उंबऱ्यावर एका बाजूले दूध-जिलेबी ठेवली, दुसऱ्या बाजूले हिमानीच्या औषधाच्या डब्यातली, दुखल्यावर घ्यायची एक गोळी. म्हटलं, मेलेल्या माणसाले कोणाची भीड नसते, खरं काय ते कळन. सकाळी जिलेबीले मुंग्या. गोळी गेलेली, आणि तिची रिकामी चांदीची पन्नी दाराखालून बाहेर सरकवलेली.

बाकी येथे सर्व खुशाल, एक मेलेला माणूस सोडून. चंपतरावांना नमस्कार, म्हशीले आशीर्वाद.

तुझी,
कौसल्याताई

ता. क. एका गोळीवर किती दिवस निघन? हिमानी गोळ्या मोजून ठेवते, दुसरी काढता आली नाही. मग आनंदरावांनी दुखणं परत करायचं ठरवलं. परवा पहाटे वरून हाक आली, "हिमानी बेटाऽ!" तिचा कायमचा कागद याच महिन्यात निघणार, आणि ही पोट्टी अशी की झोपेतही कोणाच्याही हाकेले "हव" म्हणते. दुसऱ्या हाकेले तिनं तोंड उघडलंही होतं. मी आधी ओ दिली, एवढ्या मोठ्यानं की सिंधूताईच्या कुंडीवरचं कबूतर उडालं. वर आता शांत आहे. खिडकीचं धोतर निघालं.

आणखी ता. क. सोमवारच्या उमरेड-नागपूर बसनं ये. सुंठ आणू नको, तूप आणू नको, जिलेबीचं तर नावच नको. डॉक्टरबद्दल वर लिहिलेलं खोडलं समज, आणि मले त्याच्याकडं घेऊन चल. हिमानीले सांगू, तुझे गुडघे दाखवायले चाललो. आणि बसशील तेव्हा माझ्या डाव्या हाताले बस. उजवीकडं कधी कधी जागाच नसते.