चार बोटं कमी

६ बहमन, १३३९ फसली

आसाराम सुतार आज आला. खांद्यावरची पिशवी खाली ठेवायच्या आधी आप्पांना पहिला प्रश्न — "मुन्शीजी, डेस्कापाशी बसनार कोन?"

"आप्पाच. दुसरं कोण?" मी आतून म्हणाले.

उत्तर जरा लवकर दिलं. थांबायला हवं होतं.

डेस्क साधंच सांगितलं आहे. मांडी घालून बसायचं, लांबी तीन फूट, रुंदी दोन. मुनिमाच्या डेस्कासारखी उतरती फळी नको, सपाट हवी. खण नको. जमिनीवर पाट ठेवून नकाशाची नक्कल काढताना नकलेचं कापड सरकतं. कापडावर रेघ केसभर हलली की शिवारात बांध हातभर हलतो.

हे त्याला सांगितलं नाही.

७ बहमन

आसारामने दोरीनं आप्पांचं माप घेतलं. जमिनीपासून कोपरापर्यंत, मांडीची उंची वेगळी. आप्पा समोर भिंतीकडे बघत बसले होते. बघत होते असं लोकांना वाटतं.

दोन वर्षं झाली. उजेड कळतो, रेघ दिसत नाही. बीडच्या जमीन-मोजणीच्या दफ्तरातून मूळ नकाशे येतात, नक्कल मी काढते, आप्पांचं बोट योग्य जागी ठेवते आणि ते सही करतात. दफ्तराला हे कळलं तर काम त्या दिवशी बंद. वर सरकारला फसवल्याचा ठपका, तोही आप्पांवर. मी त्यांची मुलगी, सासरहून कायमची परत आलेली. या कामाशिवाय आम्हा दोघांना काही नाही.

दोरी गुंडाळताना आसारामची नजर माझ्या हातावर गेली. नखात काळी शाई होती. मी हात पदराखाली घेतला. त्यानं पाहिलं असणार.

८ बहमन

शेजारच्या छबुबाई ताक मागायला आल्या. जाता जाता म्हणाल्या, "आसाराम काल कचेरीत गेलता. सायबाच्या खुर्चीला पाय बसवाया. लई येळ बोलत हुता म्हनं तितं."

"काय बोलत होता?"

"मला काय ठावं बाई, मी काय ती खुर्ची हाय?"

काल आमच्याकडून तो दुपारीच गेला होता. म्हणजे इथून सरळ कचेरीत. तिथलं बोलणं बीडच्या दफ्तरात पोचायला वेळ लागत नाही.

१० बहमन

दोन फळ्या जोडून वरचा भाग झाला. मी चारही कोपऱ्यांना गुण्या लावला. तीन काटकोनात, चौथा सूतभर बाहेर. आसारामने त्यावर रंधा मारला. मग मी फळीवर थोडं पाणी ओतून बघत बसले.

"अक्का, ते पानी बी इचारात पडलंय. म्हनतंय, कुनीकडं जाऊ?"

पाणी जागचं हललं नाही. काम चांगलं आहे, ते नाकारत नाही.

मग रंध्यात फुंकर मारत, माझ्याकडे न बघता — "मुन्शीजींला इतकं बारीक दिसतं का अजून?"

मी आत गेले.

११ बहमन

पाय बसवले. मी मोजले. आप्पांच्या मापापेक्षा चार बोटं कमी.

"पाय कमी का?"

"लाकूड आखूड निघालं, अक्का."

भुशात चार तुकडे पडले होते. प्रत्येक बरोबर चार बोटं. ताजे कापलेले.

तो गेल्यावर मी डेस्कापाशी बसले. कोपर सरळ टेकलं. पाठ वाकली नाही. ते माझं माप आहे. माझ्या अंगाला त्याची दोरी कधी लागलेली नाही.

म्हणजे त्याला ठाऊक आहे. ठाऊक असून खोटं बोलतो. जो गोष्ट झाकून ठेवतो तो ती कुठेतरी वापरायलाच ठेवतो.

१३ बहमन

कचेरीतून निरोप आला. परवा तपासणीचे अंमलदार, गिरदावर राधाकिशन, आप्पांचं काम बघायला येणार. इतक्या वर्षांत कुणी आलं नव्हतं!

"आसारामनंच सांगितलं," मी म्हणाले. "ते डेस्क मागे गोठ्यात टाकते. माझी सगळी शाई-लेखणी आज छबुबाईंकडे ठेवते."

आप्पा म्हणाले, "असू दे जागेवर. येऊ दे त्याला."

डोळ्यांबरोबर भीतीही गेली की काय यांची.

१५ बहमन

गिरदावर आला. आसारामही हजर, कडा घासायच्या राहिल्यात म्हणून. घालवून द्यायला वेळ मिळाला नाही.

गिरदावर डेस्कासमोर सतरंजीवर बसला. "मुन्शीजी, आमच्यासमोर एक हद्द ओढून दाखवा."

मी लेखणी बुडवून आप्पांच्या हातात दिली. हात कापडावर नेऊन ठेवला. आता फक्त सरळ ओढा, एवढंच मनात.

आप्पांनी लेखणी खाली ठेवली. "अर्जात लिहिलंय ते खरं आहे, साहेब. दोन वर्षं मला दिसत नाही. नकला हिच्या आहेत. ही ओढेल."

अर्ज!

मी बसले. ओढली. गिरदावरने भिंग काढलं, रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. "कळवू." पाणीसुद्धा न घेता गेला.

काम माझ्या नावावर व्हावं म्हणून आप्पांनी अर्ज शाळेतल्या मास्तरांकडून लिहवून घेतला होता. माप घेतलं त्याच दिवशी कचेरीत आसारामच्या हाती पाठवला.

"मला का नाही विचारलं?"

"तू थांबवलं असतंस, मुक्ता."

"आणि डेस्काचं माप?"

"मीच म्हणालो त्याला, माझं माप घे आणि तिच्या अंगाच्या मानानं कमी कर."

आसाराम भुसा झाडत होता. "बोलू नगं म्हनले मुन्शीजी, म्हून लाकूड आखूड काडलं. न्हाईतर आसारामचं लाकूड आजवर कंदी आखूड निगालं न्हाई. गावात सांगू नगा, अक्का."

मी माफी मागितली नाही. गूळ-पाणी दिलं. दोनदा.

१९ बहमन

कचेरीतून काही नाही. नवं काम नाही. डेस्क रोज पुसते.

आप्पांशी अजून नीट बोललेले नाही.

२४ बहमन

दफ्तराची बैलगाडी आली. नवं काम नाही. दोन वर्षांतल्या माझ्या सगळ्या नकला परत आल्या आहेत — एकशे चौदा — सोबत मूळ नकाशे. हुकूम असा: प्रत्येक नक्कल ती काढणाऱ्याने स्वतः पुन्हा तपासावी आणि वडिलांच्या सहीखाली आपली सही करावी. त्यानंतर पुढचं काम देण्याचा विचार होईल.

पहिली उलगडली. मूळ नकाशात ओढ्याजवळ एक विहीर आहे. माझ्या नकलेत नाही.

कुणाच्याच लक्षात आलेलं नाही. आप्पांना दिसणार नाही.

कडेला लाल शाईनं चूक लिहिली. तिच्याखाली सही केली — पूर्ण नाव.