होडीचा उखडलेला कठडा

१० मार्च २०१९, रविवार

कठडा उखडला! पंचफुलाबाई पाण्यात!

नेव्हीतून निवृत्त झाल्यावर ह्यांनी हौसेने घेतलेली जुनी शिडाची होडी. दुरुस्तीनंतर आज पहिल्यांदा धरणाच्या पाण्यात. काठावर अर्धं गाव. माझ्या नणंदबाई, पंचफुलाबाई, वरठीहून मुद्दाम आल्या होत्या. कठडा धरून उभ्या राहिल्या. वारा आला, होडी कलली — आणि कठडा स्क्रूंसकट त्यांच्या हातात! पडताना मनगट होडीवर आपटलं. ह्यांनी उडी मारून बाहेर काढलं. हाड मोडलंय.

त्यांचे यजमान ताराचंदभाऊजी ओरडले, "कोनं लावले हे स्क्रू?"

लावले होते मी.

हे निथळत उभे. म्हणाले, "चूक माही हाये."

मी गप्प. गप्पच!

११ मार्च

भोकं झिजली होती. स्क्रू नुसते गोल फिरत. दाराच्या बिजागरीला करतात तेच केलं — आगपेटीच्या काड्या, फेविकॉल, वरून सिलिकॉन. ह्यांना सांगितलं नाही. "झालं?" "झालं." एवढंच.

१३ मार्च

नळावर कुंताबाई म्हणाली, "साहेबानं जहाज चालवलं म्हनत, अन् होडीचा कठडा नाही लावता आला!" सगळ्या हसल्या.

मी पण हसले. शी!

१५ मार्च

सांगितलं ह्यांना. काड्यांचं.

उठून चप्पल घातली. मग, "चाल, खोलून पाहू."

फायबरच्या दोन थरांमधलं लाकूड काळं पडलेलं, भिजलेल्या पावासारखं. "भोकातून पानी मुरलं. काडी कायले टिकंल इथं?" चिडले नाहीत. चिडले असते तर बरं होतं.

प्रत्येक भोक मोठं केलं. वाकवलेला खिळा ड्रिलला लावून आतलं कुजकं लाकूड खरवडून काढलं. आता उन्हात वाळू द्यायचं. सगळं माझ्याच हातून. हे बाजूला बसून नुसते सांगतात. "तूच कर."

शिक्षा असेल. बरी शिक्षा.

२१ मार्च

लाकूड खणखणीत वाळलं. खालून भोकाला टेप. आधी पातळ रेझिन, लाकडाने पिऊन घेतलं. मग भुकटी कालवून घट्ट केलेलं, काठोकाठ. दगड झालाय त्याचा.

२३ मार्च

त्या दगडात नवं भोक, तोंडाशी जरा पसरट — पाणी अडवणारा मसाला, सीलंट, तिथे बसायला. ह्या वेळी स्क्रू नाहीत. आरपार बोल्ट, खाली रुंद वायसर.

मी जोर लावून कसायला गेले तर म्हणाले, "आज पूरा नोको कसू. सारा मसाला बाहेर निंगंल. उद्या कस."

२४ मार्च, रविवार

सकाळी बोल्ट कसले. कठड्याला लोंबकळून पाहिलं. हलला नाही.

मग एकटी वरठीला. पंचफुलाबाईंचा हात प्लास्टरात. ताराचंदभाऊजींसमोरच सांगितलं — स्क्रू मी लावले होते.

बाई उसळल्या. "मंग त्याच दिवशी काहून नाही बोलली? सारे माह्या भावाले बोलून राहिले होते, अन् तू आयकत होती!"

मी म्हटलं, चुकले.

"हाड जुळंल माहं. थे नाही जुळत, रीता."

पाणीसुद्धा विचारलं नाही. बरोबरच केलं. बसमध्ये पदर पुढे ओढून बसले.

२८ मार्च

भंडाऱ्याला डोळ्यांच्या दवाखान्यात. हेच म्हणाले, चल. दोन्ही डोळ्यांची नजर जात चाललीय. वर्ष झालं म्हणे, कोणाला सांगितलं नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाले, "होडी उतरवायच्या आधी कठडा तपासणं माहं काम होतं. तपासला म्हनलो. पन मले दिसतच नव्हतं वो. सांगाची लाज वाटे."

मला वाटत होतं, त्या दिवशी हे मला वाचवत होते.

नाही. खरंच बोलत होते.