पणजीबाईंचं पायघोळ लुगडं

३ नोव्हेंबर, सोमवार
शेवटी कलाकाराला काम मिळालं! वळ गावातल्या भावेशशेठच्या गोडाऊनची भिंत. शेतात भात लावणारी त्यांची पणजी काढायची. फोटो नाही, म्हणजे फुल स्वातंत्र्य. आजवर गोडाऊनवर नंबर आणि बाण रंगवले, काळ्या कुत्र्यानंही विचारलं नाही. या चित्राखाली मात्र सही येणार: ‘चित्रकार धनेश’. पसंत पडलं तर, असं शेठ म्हणाले. पडेलच.

५ नोव्हेंबर
रिसर्च केला. मोबाईलवर, चहा होईपर्यंत. जुन्या काळची बाई म्हणजे पायघोळ नऊवारी, जरीचे काठ, डोक्यावर पदर, नथ. बायको म्हणाली, एवढं नेसून चिखलात कोण उतरतं? निशाला कलेतलं कळत नाही. लग्नाआधी कळायचं.

६ नोव्हेंबर
पणजीला पाहिलेलं माणूस एकच उरलंय: शेठची आजी, आक्का. पणजी म्हणजे तिची सासू. निशा म्हणते, तिच्या गावी दिघाशीला जाऊन विचारून या. उद्या नक्की.

७ नोव्हेंबर
ऊन फार. शिवाय कलाकाराने विचारत फिरू नये.

१४ नोव्हेंबर
चित्र पूर्ण. काय रुबाब! काठ खराब दिसायला लागला म्हणून चिखलच काढून टाकला. रविवारी उद्घाटन. आक्का बघून रडणार. रुमाल धुऊन ठेवलाय.

१६ नोव्हेंबर, रविवार
पडदा सरकला. आक्काने चपला काढल्या, पदर सावरला, बाजूला होऊन उभी राहिली. माझ्या अंगावर काटा! विचारलं, आक्का, ओळखलंत ना? म्हणाली, वळखली न! खोताची बायको ही. हिच्या अंगणात माझ्या सासूनं कधी पायताण घातलं न्हाय. हिला आमच्या दारात कशाला आणलीस रं?

शेठ लालबुंद. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. निशा पदर न लावता.

१८ नोव्हेंबर
शेठचा हुकूम: आक्का सांगेल तसं. आक्का भिंतीसमोर खुर्ची टाकून बसली. काष्टा कस. लुगडं गुडघ्याच्या वर घे. मी म्हटलं, बरं दिसेल का? म्हणाली, पाय झाकायचे त्यांनी, ज्यांच्या घरात गडी. आमचे पाय उघडे, त्यात लाज कसली? जरी गेली, नथ गेली, चिखल परत आला. खरं तर हे सगळं माझ्या डोक्यात आधीपासून होतंच.

२१ नोव्हेंबर
झालं. आक्काने रंगवलेल्या पोटरीवर हात ठेवला आणि ढसाढसा रडली. आता आली माझी म्हातारी, म्हणाली. मीही रडलो. थिनरचा वास फार.

शेठ म्हणाले, टाक नाव. मी ब्रश उचलला. आक्का म्हणाली, हां, टाक. कमळा. मोठं टाक, बिचारीचं नाव आजवर कुठं लिवलंच न्हाय. एवढ्या दिवसांत मीही विचारलं नव्हतं. टाकलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझ्या सहीला जागाच उरली नाही.

घरी येऊन निशाला समजावलं की, मोठ्या चित्रकारांना सही लागत नाही, हात ओळखू येतो. ती म्हणाली, आधी तो हात धुवा, ताट वाढलंय.