राळेगावची ताडपत्री

राळेगाव,
ता. ५ जून २०२०

सौ. रुखमा हिस डोमाजीचा जयभीम. वि. वि.

परवा दुपारपासून फोन लावून राह्यलो. फोनातली बाई एकच सांगते की संपर्क होऊ शकत नाही. टीव्हीवाल्यांनी दिवसभर मुंबई दाखवली. मुंबई वाचली म्हणून सगळे खूश झाले आणि जाहिराती लागल्या. वादळ दापोलीवरून, म्हणजे आपल्या लेकीच्या घरावरून गेलं, हे कोणीच दाखवत नाही. शेवटी शेजारच्या घनश्यामने मोबाइलवर नकाशा काढून दाखवला. तो पाहिल्यापासून जेवण गोड लागत नाही.

दीपमालाला बाळंतपणासाठी आणायला तू मार्चमध्ये आठ दिवसांकरता गेलीस आणि लॉकडाउनात तिथेच अडकलीस. फेब्रुवारीतच जा, असं मी घसा कोरडा करून सांगत होतो. पण या घरात माझं ऐकतो कोण? आता नवव्या महिन्यातली पोर, तिचा मास्तर नवरा आणि माझी बायको, सगळे नेमके समुद्राच्या तोंडाशी.

वादळाच्या आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं की छपरावर धोंडे ठेवा. ठेवले की नाही? टॉवर उभे होईपर्यंत टपालाशिवाय इलाज नाही, तेव्हा लगेच लिही. हातपाय धड आहेत एवढं कळवलं तरी पुरे. लोभ आहेच, तो काही वाऱ्याने उडत नाही.

डोमाजी

• • •

दापोलीजवळून,
ता. ११ जून २०२०

ती. दीपमालाच्या बाबांस सविनय जयभीम. वि. वि.

आम्ही तिघंही धड आहोत. दीपमाला अजून मोकळी झालेली नाही. हे आधी लिहिलं, आता भांडते.

तुमचा धोंड्यांचा हुकूम मी पाळला. प्रफुल्ल जावयांना शिडीवर चढवलं. आपल्याकडे पत्र्यावर धोंडे ठेवतात, इथे कौलं आहेत, हे तुम्हाला सुचलं नाही आणि मलाही नाही. पहिल्याच धोंड्याखाली कौलं फुटली. शेजारच्या शीलाताई अंगणात हसत बसल्या. जावई सासूला काय बोलतील? मुकाट्याने खाली उतरले. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने पुढचं सगळं छप्पर नेलं, म्हणून आपली लाज तेवढी झाकली गेली.

पण ते नंतर हसायचं. त्या वेळी मी लई भ्याली. दीपमालाला मधे घेऊन आम्ही स्वयंपाकघराचं दार पाठीने रेटून बसलो होतो. बाहेर माड मोडत होते आणि कौलं अंगणात येऊन फुटत होती. पोर पोटावर हात धरून बसली होती. मला वाटलं, आता आपण काही राळेगाव पाहत नाही.

आता फक्त स्वयंपाकघरावर छप्पर उरलं आहे. तेही गळतं. शाळेला पक्का स्लॅब आहे, पण तिथे मुंबईहून आलेल्या लोकांना चौदा दिवस ठेवतात, त्यांच्यात भरल्या पोटाच्या बाईला कसं न्यायचं? दवाखान्याचा रस्ता झाडं कापून आजच मोकळा केला. प्रफुल्ल ताडपत्रीसाठी रोज फिरतात आणि हात हलवत परत येतात. मी म्हटलं, कशीही गाडी करू आणि राळेगावला जाऊ. दीपमाला म्हणते, माझं लेकरू रस्त्यात होऊ देणार नाही. हा हट्ट कोणाकडून आला ते लिहायची गरज नाही.

खोकल्याचं औषध घेत जा. राग तिकडेच ठेवा आणि लोभ तेवढा इकडे पाठवा.

रुखमाबाई

• • •

राळेगाव,
ता. १८ जून २०२०

सौ. रुखमा हिस जयभीम. वि. वि.

पत्र पावलं. घनश्यामच्या घरी तीनदा वाचून दाखवलं. धोंड्यांची गोष्ट मात्र गाळली. आणि मी धोंडे ठेवायला सांगितले होते, आपटायला नाही.

आपला लखीराम ट्रकमध्ये तूरडाळ घेऊन तुमच्या जवळच्या खेडला चालला आहे. त्याच्याबरोबर ताडपत्री पाठवतो. बाजारातून नवी आणली आहे. प्रफुल्लला म्हणावं, चारही बाजूंनी दोर ताणून बांध, मास्तरासारखी गाठ मारू नको. इकडची काळजी करू नको. पाऊस चांगला आहे, कपाशी निघाली, घर ठणठणीत आहे.

दुसरं असं की लखीरामच्या केबिनात परतीला एक जागा रिकामी आहे. त्यात बसून ये. दीपमालाजवळ तिचा नवरा आहे, शीलाताई आहेत. इकडे माझी भाकरी एका बाजूने जळते आणि दुसऱ्या बाजूने कच्ची राहते. तुझं येणं नक्की धरतो. सर्वांवर माया आहे तशीच राहू द्यावी.

डोमाजी

• • •

दापोलीजवळून,
ता. २३ जून २०२०

ती. दीपमालाच्या बाबांस सविनय जयभीम. वि. वि.

तुम्हाला नात झाली. २० तारखेला सकाळी, दवाखान्यात. दोघी सुखरूप आहेत. रंग तुमचा आहे आणि आवाजही तुमचाच आहे.

आता ताडपत्रीचं. नवी म्हणे! कोपऱ्याला खताच्या पोत्याचं ठिगळ आहे, ते मी सुतळीने शिवलं, तेव्हा सुई बोटात गेली होती. मी माझा टाका ओळखणार नाही? ही आपल्या मागच्या खोलीवरची ताडपत्री आहे. लखीरामला धारेवर धरलं, तेव्हा त्याने सगळं सांगितलं. बाजारात ताडपत्री मिळाली नाही म्हणून तुम्ही भर पावसात स्वतः पत्र्यावर चढून ही काढलीत. घरात पाणी उभं आहे, तुम्ही विहाराच्या ओसरीत झोपता आणि खोकून खोकून शेजाऱ्यांना जागं ठेवता. याला ठणठणीत म्हणतात का? या वयात पत्र्यावर कायले चढता तुम्ही? पाय घसरला असता तर मला इथे कोणी कळवलं असतं?

मी गाठोडं बांधलं. दीपमालाच म्हणाली, आई तू जा, बाबांचं काही खरं नाही. केबिनात चढून बसलेही. लखीरामने गाडी सुरू केली. तेवढ्यात आतून बाळ रडलं, आणि दीपमाला त्याला गप्प करता करता स्वतःच रडायला लागली. मी उतरले. तुमच्यासाठी चढले होते, तिच्यासाठी उतरले. हे पत्र लिहीपर्यंत लखीरामला थांबवून ठेवलं आहे. तुम्हाला जो राग करायचा तो करा. सव्वा महिना झाला की येते. तोवर घनश्यामच्या घरी झोपा, ओसरीत नाही.

तुमची माया आहे हे ठाऊक आहे. ती खोटं न बोलता करत चला.

रुखमाबाई

• • •

राळेगाव,
ता. २६ जून २०२०

सौ. रुखमा हिस जयभीम. वि. वि.

काल सकाळपासून फाट्यावर उभा होतो. ट्रक आला, केबिनात तू नव्हती. मी लखीरामवर ओरडलो. तो म्हणाला, भाऊ, मले काहून बोलता, बाई चढली बी होती अन् उतरली बी. मग त्याने पत्र दिलं. फाट्यावरच बसून वाचलं.

उतरलीस ते बरोबर केलंस. मी बोलावलं तेच चुकलं. नातीचं वाचून सगळ्या फाट्याला चहा पाजला. कालपासून घनश्यामकडे झोपतो. तो माझ्यापेक्षा जास्त घोरतो. सव्वा महिन्याची घाई करू नको, पोरीच्या अंगात ताकद येऊ दे. नातीच्या कानात तिच्या आज्याचा जयभीम सांग. या म्हाताऱ्यावर नजर असू दे.

डोमाजी

ता. क. मले तुझ्याबिगर करमत नाही. एवढं वाचलं की हे पत्र फाडून टाक, दीपमालाच्या हाती लागू देऊ नको.