घाबरवायला न जमलेला राक्षस

तीर्थस्वरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग घालायला सध्या घरात जमीन शिल्लक नाही, सगळीकडे ओला कागद वाळत पडलाय; तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घ्यावा.) आम्ही सर्व खुशाल आहोत, म्हणजे मी खुशाल आहे आणि बाकीचे माझ्याशी बोलत नाहीत. मामींची कंबर आता कशी आहे? तुम्ही दातांच्या डॉक्टरकडे जायचं ठरवलंय असं आईकडून कळलं. एवढी घाई करू नये. डॉक्टर काय, कुठे पळून जात नाहीत.

मी खोक्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडल्याचं तुमच्या कानावर आलं असेलच, आणि कोणत्या सुरात आलं असेल तेही मला ठाऊक आहे. म्हणून पहिल्यापासून सांगतो. आमच्या गल्लीच्या उत्सवात मिरवणूक निघते आणि तिच्या शेवटी कागदाच्या लगद्याचा मुखवटा घातलेला राक्षस असतो. त्याने पोरांना घाबरवायचं, पोरांनी किंचाळायचं, मग मोठ्यांनी त्याला हाकलून लावायचं, असा कार्यक्रम. यंदा मुखवटा करणारे रंगारी मुलीकडे राहायला गेले आणि उत्सवाचे अध्यक्ष, म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचे शिंपी, नवा माणूस शोधत फिरू लागले. मी हात वर केला. (जन्मभर चौकोनी खोक्यांची मापं काढणाऱ्याला आपल्यात एक कलावंत दडून बसलाय असं का वाटावं, ते विचारू नका. शाळेत मी काढलेल्या घोड्याला बाईंनी टेबल समजून चांगले गुण दिले होते, हे तुम्हालाही आठवत असेल.)

जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. रद्दी भिजवली, खळ शिजवली, तीही सौ.च्या चांगल्या पातेल्यात, पण तो विषय इथे नको. डोळे वटारलेले केले, भुवया जाड, नाक फुगलेलं, पुढच्या दोन दातांत ही एवढी फट. बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी व्हावं असं ध्यान तयार झालं, असं माझं मत. मिरवणुकीत ते चढवून मी गर्जना करत पोरांच्या अंगावर धावलो, तर एकही किंचाळलं नाही. एकीने माझं बोट धरलं. एकाने दातांच्या फटीत बिस्कीट सरकवलं. मग सगळी मला मधे घेऊन चालू लागली, त्यामुळे मोठ्यांनी हाकलून कुणाला लावायचं हाच प्रश्न पडला. शेवटी शिंप्यांनी संतापून स्वतःच डोळे मोठे केले, तेव्हा कुठे दोन पोरं रडली आणि उत्सवाची अब्रू राहिली. माझी काही राहिली नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक नर्सबाई राहतात. त्यांची रात्रपाळी असली की त्यांच्या मुलीला अंधारात झोप येत नाही आणि ती आजीला जागवते. ही मुलगी दुसऱ्या दिवशी राक्षस मागायला आली. अडगळ जातेय म्हणून सौ.ने तो तत्परतेने देऊन टाकला. मी आपला आत बॅटरीवरचा छोटा दिवा बसवून दिला, फटीतून उजेड पडावा म्हणून. तेव्हापासून ती पोर ढाराढूर झोपते. बातमी गल्लीभर झाली, एकेक आईबाप विचारायला येऊ लागले, आणि खेळण्यांच्या दुकानदाराने सांगितलं की सुट्ट्यांआधी असेच करून द्या, होतील तेवढे घेतो. माझ्या डोक्यात हवा शिरली. मी कारखान्याच्या साहेबांपुढे उभा राहून उत्सवातली कला हीच उद्याच्या उद्योगाची जननी कशी, यावर भाषण ठोकलं आणि राजीनामा ठेवला. साहेबांनी तो इतक्या आनंदाने घेतला की मलाच वाईट वाटलं.

आणि मामा, दुसरा राक्षस काही जमेना! पहिल्यावरून साचा काढावा, तर त्या पोरीने मिठ्या मारमारून त्याचं नाक चेपून टाकलंय. आठवून केला, तो शिंप्यांसारखा झाला. त्याच्या पुढचा कारखान्याच्या साहेबांसारखा. मग स्वतःच्याच तोंडाला प्लास्टर लावून साचा घेतला. त्यातल्या राक्षसात दिवा लावताच नर्सबाईंची मुलगी आजीच्या मागे लपली. दुकानदार म्हणतो, तोच चेहरा असेल तर आणा. नोकरी गेली, धंदा यायचं नाव नाही, आणि घरभर माझीच तोंडं रांगेने वाळताहेत. सौ. म्हणते, एक होतं तेच पुष्कळ होतं.

मामींना नमस्कार सांगा. कळावे, लोभ आहेच. हे पत्र संपेपर्यंत तरी तो टिकावा.

तुमचा
भाचा (उद्योजक)

ता. क. काल आई आली होती. नर्सबाईंकडे तिने तो राक्षस पाहिला आणि हसता हसता खालीच बसली. म्हणाली, "अरे, हा तर माझा भाऊ!" मामा, देवाशपथ, मी मुद्दाम केलं नाही. तेव्हा कृपा करून ती फट बुजवून घेण्याआधी चार दिवस इकडे या. तोंडाला प्लास्टर लावून नाकात नळ्या घालायच्या, बस. काही होत नाही. (माझी डावी भुवई प्लास्टरबरोबर निघून आली, पण ती पुन्हा उगवते आहे.)

आणखी ता. क. राक्षस करायला तुझ्या मामाचंच तोंड सापडलं का, असं मामी विचारतील. त्यांना सांगा, बाबा गेल्यावर आम्ही तुमच्याकडे राहायला आलो तेव्हा मला अंधाराची फार भीती वाटायची. तुम्ही दिवा लावून माझ्या उशाशी बसायचात आणि डोळे वटारून म्हणायचात, झोप, नाहीतर खाऊन टाकीन. मी लगेच झोपायचो. राक्षस म्हणून मला तेवढा एकच चेहरा ठाऊक आहे. फट बुजवू नका, मामा.