उधळ्या मुलाची आई

४ तारीख, रविवार
चर्चच्या पाळकांनी आज भर व्हरांड्यात मला सुनावलं, तेही चहा न विचारता. माझ्या मुलाच्या वयाचा माणूस. म्हणे, आजी, योनाला गिळलं त्या माशाच्या पोटात कंदील नव्हता. मी म्हटलं, मग तीन दिवस तो आत काय चाचपडत बसला? ते शास्त्रात नाही म्हणे. चर्चमधला मुलांचा वर्ग मी नवरा गेल्यापासून घेते. आता शास्त्राबाहेरचा एक शब्द आला तर वर्ग सूनबाईकडे. ती छापील कागद वाचते, पोरं झोपतात.
ठरवलं. पदरचं काही घालायचं नाही. तशी मी घालतच नाही.

८ तारीख, गुरुवार
तयारी. बायबलातला उधळ्या पुत्राचा दाखला. वाटणी घेऊन गेला, पैसे उडवले, डुकरं राखली, घरी आला. बोट ठेवून दोनदा वाचला. बाप आहे, थोरला भाऊ आहे, नोकर आहेत, वासरूसुद्धा आहे. आई नाही. छापताना राहिली असणार.
घर आहे म्हणजे आई आलीच. ही भर नव्हे, दुरुस्ती.

११ तारीख, रविवार
वर्ग फर्स्ट क्लास. जास्तीचं काही नाही. बाप धावला, गळ्यात पडला. आई गेली नाही. भांडी घासत राहिली आणि मागं न वळता म्हणाली, आधी पाय धू. एवढंच. पाळकांची धाकटी लेक पुढंच बसली होती, तोंड उघडं टाकून. कोणी झोपलं नाही.

१४ तारीख, बुधवार
सूनबाईनं विचारलं, आई, ही बाई कुठल्या अध्यायात? म्हटलं, नीट वाच. वाचतेय बिचारी.
पाळक वाटेत भेटले. विचारलं, उधळ्या कुठल्या गावचा? म्हणाले, तसा माणूसच नव्हता, दाखला म्हणजे प्रभूनं शिकवायला रचलेली गोष्ट.
म्हणजे रचलेलं चालतं. मी रचत नाही, हा भाग वेगळा.

१८ तारीख, रविवार, दुपार
जेवण गेलं नाही. पाळकांनी उपदेशात माझ्या वर्गातली आई घेतली. धाकटीनं घरी सांगितलेली. कल्पना करा, म्हणाले, त्या घरात एक आई असेल. इथवर ठीक. पुढं म्हणे ती दारात रडत होती, मुलगा दिसताच तिला भोवळ आली. बायकांनी रुमाल काढले. मी गप्प बसणार होते. पायच उभे राहिले.
"ती रडली नाही. भांडी घासत होती."
पाळकांनी व्यासपीठावरून विचारलं, "आजी, कुठं लिहिलंय?"
"कुठंच नाही. मी रचलीय ती. तुम्ही बिघडवू नका."
सगळ्या चर्चनं ऐकलं. माझा आवाज पहिल्यापासून खणखणीत. सूनबाईनं कपाळाला हात लावला.

१९ तारीख, सोमवार
वर्ग काढायची हिंमत नाही कोणाची. उलट माफी मागायला येतील. चांगल्या कपबश्या काढून ठेवल्या.

२० तारीख, मंगळवार
पाळक आले. दोन कप चहा घेतला. गोष्ट सुरेख आहे म्हणाले. वर्ग सूनबाईकडे.

२५ तारीख, रविवार
मी मागच्या बाकावर बसले, नुसती बघायला. सूनबाईचं वाचून झालं. धाकटीनं विचारलं, पाय धुतल्यावर आईनं त्याला आत घेतलं का? सूनबाईनं कागद उलटून पाहिला. मागं कोरा. पोरांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला ठाऊक होतं. म्हणजे, जवळजवळ.
बाहेर पोरांना गाठून सांगितलं, पाळकांकडे जा. आई त्यांनी नेली, उत्तरही त्यांनीच द्यायचं. सूनबाईला बजावलं, तू मध्ये पडायचं नाही.