उजव्या बाजूचं काळीज

अण्णा, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, तरी धाकट्याच्या छातीला कान लावून बसलेले तुम्ही मला अजून दिसता. रोज सकाळी. त्याचं काळीज उजवीकडं आहे असं कळल्यापासून तुम्ही त्याला पाण्याची बादलीसुद्धा उचलू दिली नाही. सोयाबीनचे कट्टे माझ्या पाठीवर, तो वहीपुढं. मी कुरकुरलो की म्हणायचात, "उलटं काळीज हाय त्याचं, वझं सोसायचं न्हाय. तू धडधाकट हायस, उचल." एकदा मीही सदरा वर करून तुमच्यापुढं आडवा झालो. तुम्ही हसलात. "तुझं कुठं पळून चाललंय?" पाचवीनंतर माझी शाळा सुटली, त्याची नाही.

आता मी लांब तामिळ मुलखात, कोंबडीची पिल्लं काढायच्या कारखान्यात आहे. गेल्या महिन्यात तामलवाडीच्या पाहुण्यांनी धाकट्याची सोयरीक अडवून धरली. पोरगं काळजानं अधू आहे, असं कुणीतरी त्यांच्या कानात घातलंय. "दादा, तुमच्या डॉक्टर मॅडमला इचार की," म्हणून त्यानं छाती-पोटाच्या तपासणीचा रिपोर्ट फोनवर पाठवला. मॅडम कोंबड्यांच्या डॉक्टर, पण शिकलेल्या लई.

त्यांनी तीन दिवस उबवलेलं अंडं फोडून दाखवलं. आत लाल ठिपका उडत होता. म्हणाल्या, सुरुवातीला डावं-उजवं सारखंच असतं. मग एक जीन, म्हणजे बीजातला हुकूम, फक्त डाव्या बाजूला जागा होतो, आणि सरळ नळीसारखं काळीज एका अंगाला वळतं. माणसाच्या गर्भात केसाहून बारीक तंतू गरगर फिरून पाणी डावीकडं लोटतात, त्यावरून डावी बाजू ठरते. कधी ते चुकतं आणि हुकूम भलतीकडं जागा होतो. मग आरशात दिसावं तसं सगळंच उलटं. "तुझ्या भावाचं काळीज, यकृत, सगळं फिरलेलं आहे, म्हणून एकमेकांशी जुळतंय. रिपोर्टात खोट नाही. हृदयाच्या डॉक्टरकडून तसं लिहून घ्या, लग्न कशाला अडतंय?"

म्हणजे त्याला कट्टा झेपला असता, अण्णा.

मला आनंद व्हायला हवा होता. मनात आलं ते एवढंच, की आईच्या पोटात जरासं पाणी भलतीकडं गेलं आणि तुमचा कान जन्मभर त्याचा झाला.

काल त्याचा फोन आला. "दादा, इचारलंस का? ती माणसं रविवारी दुसरं पोरगं बघायला चाललीत."

"मॅडम रजेवर हायती," मी म्हणालो. त्या समोरच डबा खात बसल्या होत्या.